सिकलसेलचा वाहक म्हणजे ‘खराब रक्त’ नव्हे!

विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. “मुलीच्या रिपोर्टमध्ये सिकलसेल ‘एएस’ आलंय. मुलाकडच्यांना सांगायचं की लपवायचं?” विचारणाऱ्याला आजाराची भीती थोडीच असते. खरी भीती असते सोयरीक मोडण्याची.

माझे उत्तर ठरलेले आहे. लपवू नका, पण सांगण्याआधी ‘एएस’ म्हणजे काय ते स्वतः नीट समजून घ्या. आणि मुलाचाही रिपोर्ट मागा. असे का म्हणतो, ते आज सविस्तर सांगतो.

‘एएस’ आणि ‘एसएस’ मधला फरक

आपल्या रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असते. फुफ्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवणे हे त्याचे काम. या हिमोग्लोबिनची ‘बीटा’ नावाची साखळी 146 अमिनो आम्लांची असते. ती कशी बनवायची याची कृती 11 व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एका अक्षराचा बदल झाला की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. बस्स, एवढाच फरक! पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्यांसारखे होते आणि गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. म्हणूनच नाव सिकलसेल. ‘सिकल’ म्हणजे विळा.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ती व्यक्ती ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. तिच्या लाल पेशी 120 दिवसांऐवजी जेमतेम 10 ते 20 दिवस जगतात, रक्त कमी पडते, वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. जंतुसंसर्गही पटकन होतो.

एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक. दुसरी प्रत चांगले हिमोग्लोबिन भरपूर बनवते, त्यामुळे वाहक शेतात काम करतो, खेळतो, बाळंतपणे होतात, आयुष्यभर कुणाला पत्ताही लागत नाही. पाणी न पिता अतिश्रम करू नयेत आणि मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगावे, एवढीच काळजी पुरते. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवण्याने किंवा डास चावल्याने लागत नाही.

मग हा जनुक टिकला कसा?

इथे एक प्रश्न पडायला हवा. ‘एसएस’ मुले पूर्वी लहानपणीच दगावत असत. मग हा जनुक हजारो वर्षांत नाहीसा का झाला नाही?

याचे उत्तर एका परजीवीत आहे. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच जिवावर वाढणारा जीव. मलेरियाचा प्लास्मोडियम हा तसा एकपेशीय परजीवी. 1880 मध्ये अल्जीरियात लॅव्हेरान यांनी तो माणसाच्या रक्तात पाहिला आणि 1897 मध्ये आपल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. माणसाच्या शरीरात शिरल्यावर तो आधी यकृतात आणि मग लाल पेशीत घर करतो, तिथले हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो.

वाहकाच्या लाल पेशीत मात्र या पाहुण्याची नीट सोय होत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी त्याची वाढ खुंटते आणि संसर्ग झालेली पेशी लवकर वाकडी झाल्याने पाणथरी, म्हणजे प्लीहा, तिला बाजूला काढते. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिले की वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणजे साध्या रक्ताची मुले मलेरियाने जात, ‘एसएस’ मुले सिकलसेलने जात आणि ‘एएस’ मुले तगत. म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काही परिसर आणि भारतातला जंगलपट्टा, जिथे जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता तिथे हा जनुक टिकला. गडचिरोलीत सिकलसेल आणि मलेरिया दोन्ही आढळतात, यामागे हा इतिहास आहे.

आता सांगा, याला ‘खराब रक्त’ म्हणायचे का? तुमच्या आमच्या पूर्वजांपैकी कुणीतरी याच रक्ताच्या जोरावर मलेरियातून वाचले असेल.

पण गैरसमज नको. हे संरक्षण गंभीर मलेरियापासूनचे आहे, वाहकाला मलेरिया होतच नाही असे नाही. मच्छरदाणी आणि औषध त्यालाही हवेच. आणि ‘एसएस’ रुग्णाला तर मलेरिया फार घातक ठरतो, त्याचा ताप एक दिवसही अंगावर काढू नका.

झाडांनी काय दिले?

परजीवीशी झुंजायला माणसाला झाडांनीही मदत केली. अँडीज पर्वतातल्या सिंकोनाच्या सालीतून 1820 मध्ये क्विनाइन वेगळे केले गेले, तेच आपल्या आजोबांच्या तोंडचे कडू ‘कोयनेल’. पुढे नीलगिरीत सिंकोनाचे मळे लावले गेले. आज मलेरियावर वापरले जाणारे आर्टिमिसिनिन हे आर्टिमिसिया अ‍ॅन्युआ या झुडपातून मिळाले आणि त्याबद्दल चीनच्या तू योयो यांना 2015 चे नोबेल मिळाले. जोतिबाला वाहतो तो दवणा याच कुळातला, पण म्हणून दवण्याचा काढा पिऊन मलेरिया बरा होईल असे समजू नका.

ही कडू द्रव्ये झाडे आपल्यासाठी बनवत नाहीत, किडींपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून स्वतःला वाचवण्यासाठी बनवतात. एका जातीचे झाड नाहीसे होणे म्हणजे न उघडलेला औषधाचा डबा फेकून देणे, हे यातून कळावे.

माणसांतली विविधताही अशीच आहे. जंगल सगळे एकाच झाडाचे असेल तर एका रोगात उभे आडवे होते. माणसेही जनुकांनी सगळी सारखी असती तर मलेरियाने कितीतरी वस्त्या पुसून टाकल्या असत्या. झाडांची विविधता आपण पुस्तकात कौतुकाने वाचतो आणि माणसाची विविधता दिसली की नाक मुरडतो, हे बरोबर नाही.

लपवण्यानेच आजार वाढतो

आता मुद्द्याचे गणित पाहू.

• एक जोडीदार वाहक, दुसरा साधा (एएस + एए) : मूल वाहक होण्याची शक्यता निम्मी, रुग्ण होण्याची शून्य.

• दोघेही वाहक (एएस + एएस) : प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, साधे मूल होण्याची चारात एक.

• एक सिकलसेल वाहक, दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक : इथेही चारात एक मूल आजारी होऊ शकते. म्हणून फक्त सिकलसेलची तपासणी पुरेशी नाही.

‘चारात एक’ याचा अर्थ पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन चांगली होणार असा नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

पहिली ओळ पुन्हा वाचा. वाहक मुलीने साध्या मुलाशी लग्न केले तर सिकलसेलचे रुग्ण मूल होत नाही. मग तिला नाकारायचे कशासाठी? आणि नाकारले जाण्याच्या भीतीने घरोघरी रिपोर्ट दडवले गेले तर दोन वाहक एकमेकांना न कळता बोहल्यावर चढतात आणि किंमत मोजते त्यांचे बाळ. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, वाहकांना कमी लेखणारा समाज स्वतःच रुग्णांची संख्या वाढवतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. रिपोर्ट बहुतेक वेळा मुलीचाच मागितला जातो आणि आजारी बाळ झाले की दोषही आईच्या माथी मारला जातो. ‘एसएस’ बाळाला एक जनुक बापाकडूनही आलेला असतो, हे दहावीच्या पुस्तकातले विज्ञान आहे. तपासणी दोघांची व्हायला हवी.

निर्मूलन कशाचे?

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम चांगली आणि गरजेची आहे. पण ‘निर्मूलन’ हा शब्द वाहकाच्या कानावर कसा पडतो याचा विचार आपण करायला हवा. निर्मूलन वेदनेचे आणि अकाली मृत्यूचे करायचे आहे, माणसांचे किंवा त्यांच्या लग्नांचे नाही. हातात कार्ड ठेवले आणि अर्थ समजावला नाही, तर ते कार्ड म्हणजे कपाळावरचा शिक्का होतो. माझ्या मते समजावून सांगणारी व्यक्ती त्याच दिवशी, त्याच्या बोलीत बोलणारी हवी. नसेल तर ते शिबिर अपुरे समजावे.

तुम्ही काय करावे?

1. लग्नाआधी, निदान गरोदरपणाआधी, दोघांचीही तपासणी करा.

2. शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असे ठरत नाही. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. एचपीएलसीत थॅलेसेमियाचा वाहकही सहसा लक्षात येतो.

3. दोघेही वाहक असाल तर घाबरू नका. गर्भाची तपासणी गरोदरपणाच्या 10 ते 13 आठवड्यांत करता येते, म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना भेटा. निर्णय तुम्हा दोघांचा.

4. घरात रुग्ण असेल तर हायड्रॉक्सियुरिया, लसी, भरपूर पाणी आणि नियमित तपासणी यांनी त्याचे आयुष्य खूप सुधारते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचीही चौकशी करा.

आणि उद्या कुणी तुमच्यासमोर ‘त्यांच्या रक्तातच दोष आहे’ असे म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा, “तुमचा रिपोर्ट काढलाय का कधी?”