नारळीकरांच्या जुन्या कथांकडे पानिपतच्या वाटेने

अहिल्यानगर : ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या संशोधनाचे यथोचित स्मरण झाले. मात्र पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्यांच्या विज्ञानकथांपर्यंत आजच्या तरुण वाचकाला कसे न्यावे, हा प्रश्न उरतोच. नगरपुरते त्याचे उत्तर जिल्ह्याच्या इतिहासातच सापडते.

कालक्रमाने जायचे तर आरंभ १९७४ च्या 'कृष्णविवर'पासून करावा लागेल. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपल्या नावाचा प्रभाव पडू नये, म्हणून नारळीकरांनी ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली आणि तिने पहिले पारितोषिक मिळवले. तिचे महत्त्व वादातीत आहे. परंतु सापेक्षतावादाशी परिचय नसलेला वाचक तेथेच अडखळण्याचा संभव आहे. पहिल्याच पुस्तकाने दुरावलेला वाचक दुसऱ्यासाठी ग्रंथालयाची पायरी सहसा चढत नाही.

त्याऐवजी 'गंगाधरपंतांचे पानिपत' आधी हाती द्यावे. विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती आणि १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या कल्पनेवर ही कथा उभी आहे. नगरकराला ती परकी वाटणार नाही. येथील भुईकोट किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आला. १७९५ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. आणि ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने तोच भुईकोट जिंकला. कथेतील पर्यायी जगात मात्र कंपनी सरकारचा विस्तार खुंटतो. मग वेलस्ली नगरच्या तटापर्यंत पोहोचला असता काय? हा प्रश्न पडला की वाचक कथेत शिरलाच! इतिहासाच्या ओढीने आलेल्या या वाचकापुढे नारळीकर अखेरीस पुंजवादातील अनिश्चितता ठेवतात.

या कथेचे संक्षिप्त इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात आले. त्यामुळे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अनेक मराठी विद्यार्थ्यांची तिच्याशी पहिली ओळख इंग्रजीतून झाली. त्यांच्या हाती मूळ मराठी कथा देणे ही सोपी पुढची पायरी ठरेल.

त्यानंतर 'कृष्णविवर' आणि १९७९ चा 'यक्षांची देणगी' हा संग्रह द्यावा. मात्र लेखनाचे वर्ष सांगूनच. कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगाने २०१९ मध्ये पाहिले. कथा त्याआधी ४५ वर्षांची. मुंबईत हिमवर्षाव घडवणारी नारळीकरांची दुसरी एक कथा तापमानवाढीच्या चर्चेत वाढलेल्या मुलाला उलटी वाटू शकते. ती लिहिली गेली तेव्हा हिमयुगाच्या शक्यतेचीही चर्चा होती, एवढे सांगितले तरी गैरसमज टळतो.

जुनी विज्ञानकथा भविष्य किती अचूक सांगते, यावर तिची किंमत ठरत नाही. त्या काळी विज्ञानाला कोणते प्रश्न पडले होते, हे ती सांगते. नव्या वाचकाला एवढी दृष्टी देण्याची जबाबदारी शिक्षक आणि ग्रंथपालांची आहे. अन्यथा नारळीकरांचा गौरव होत राहील, पण त्यांच्या कथा कपाटातच राहतील.