न बोलणारा बोलपट

आमच्या सौभाग्यवतींना चित्रपटातली माणसे भरपूर बोललेली आवडतात. तेव्हा गेल्या पावसाळ्यात एका फिल्म सोसायटीत त्यांना ‘कनाल’ पाहायला नेले, हे माझेच चुकले. आंजेय वायदा या पोलिश दिग्दर्शकाचा हा १९५७ सालचा बोलपट. ‘कनाल’ म्हणजे गटार!

१९४४च्या ऑगस्टात वॉर्सा शहर जर्मनांविरुद्ध उठले, ६३ दिवस लढले आणि पडले. उरलेसुरले बंडवाले जमिनीखालच्या गटारांतून निसटू पाहतात, एवढीच गोष्ट. पटकथाकार स्ताविन्स्की स्वतः त्या उठावात लढलेले, त्याच गटारांतून गेलेले. शेवटाकडे एक मुलगी जखमी सोबत्याला ओढत उजेडापर्यंत आणते. समोर विस्तुला नदी, पलीकडचा काठ, आणि मध्ये लोखंडी गज! सोबत्याला धड दिसत नाही, शुद्धही अर्धवट. त्याला ती गजांविषयी काही सांगत नाही. कॅमेरा नुसता पलीकडे पाहतो.

“पलीकडे कोण होतं हो?” घरी येताना सौ.नी विचारले.

पलीकडे रशियन फौज होती. सप्टेंबरात तो काठ तिने घेतला होता. पण शहर वाचवायला ती आली नाही. १९५७ च्या पोलंडात हे पडद्यावर म्हणायची सोय नव्हती. तिथल्या प्रेक्षकांना ते सांगावेही लागत नव्हते.

वर्गात मी हे आजवर व्यंजनेचे उदाहरण म्हणून सांगत आलो. पोरे टिपूनही घेतात. पण बोलता येत असून कवी बोलत नाही, ती व्यंजना. तोंड दाबलेला माणूस डोळ्यांनी खुणावतो, त्याला काय म्हणावे?

“काही म्हणा, पण परीक्षेत विचारू नका,” सौ. म्हणाल्या.

ते मला लागले, कारण वायदांच्या घरची हकीकत मला ठाऊक होती. त्यांचे वडील पोलिश सैन्यात अधिकारी. १९४० साली कातिनच्या हत्याकांडात रशियनांनी मारलेल्या हजारो पोलिश कैद्यांपैकी ते एक. पुढे सरकारी इतिहासात दोष जर्मनांच्या माथी होता. मॉस्कोने कबुली दिली ती १९९० साली. मधल्या काळात मुलाने कितीतरी चित्रपट काढले, हा सोडून. ‘कातिन’ आला २००७ साली, वायदांनी ऐंशी ओलांडल्यावर. त्यात बायका पुरुषांची वाट पाहत बसल्या आहेत.

वायदांच्या आई, नवऱ्याची वाट पाहता पाहता, १९५० सालीच गेल्या होत्या.