बार्लिमनची बाजू

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलेल्या मंडळींत एक फॅशन आहे. ब्री गावाचा विषय निघाला की म्हणायचं, "हां, तो वेंधळा बार्लिमन बटरबर! त्याच्यापायी सगळे मेले असते." आमच्या घरातही असे दोन महाभाग आहेत (भाचेकंपनी, वाचताय ना?). आज त्यांच्याशी जाहीर भांडण.

आधी शब्दावरून. 'प्रान्सिंग पोनी'ला कुणी दारूचा गुत्ता म्हटलं की माझं डोकं फिरतं. गुत्त्यात माणूस पितो आणि झोकांड्या खात घरी जातो. पोनी म्हणजे दोन मोठे रस्ते मिळतात तिथली तीन मजली इमारत. तिथे वाटसरूला जेवण मिळतं, बिछाना मिळतो, तट्टाला तबेला मिळतो. हॉबिटांसाठी तर गोल खिडक्यांच्या वेगळ्या खोल्या आहेत. बिअर आहेच हो, पण खाणावळ, लॉज आणि गावचा पार असं सगळं तिथे एकत्र आहे. पाइप ओढायची कला इथूनच पसरली असं मेरी हा हॉबिट लिहून ठेवतो. बटरबर घराणं ही जागा कधीपासून चालवतंय याची तर नोंदच नाही!

आता मालक. गँडाल्फने ऐन उन्हाळ्यात फ्रोडोसाठी दिलेलं पत्र तो पाठवायचं विसरला. तीन महिने! गुन्हा कबूल. पण पुढचं वाचा की. काळे स्वार दारात येऊन बॅगिन्सची चौकशी करतात, तेव्हा हा जाड्या, टकला माणूस त्यांना हाकलून देतो आणि दार लावून घेतो. ते मॉर्डोरचे आहेत हे कळल्यावर त्याची गाळण उडते. तरीही तो पाहुण्यांना बाहेर काढत नाही. रात्री तबेल्यातली जनावरं पळवली जातात. मग बिल फर्नी एका मरतुकड्या तट्टाचे बारा चांदीचे पेनी मागतो, ते बार्लिमन स्वतःच्या खिशातून देतो. शिवाय हरवलेल्या तट्टांची भरपाई म्हणून मेरीला अठरा देऊ करतो. एकूण तीस. त्याच्यासारख्या खात्यापित्या माणसालाही हा फटका जड जातो. मला सांगा, 'सामानाची जबाबदारी मालकावर नाही' ही पाटी न लावणारा लॉजवाला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? :)

2001 च्या सिनेमात ना ते पत्र आहे, ना हा हिशोब. उरतो फक्त पाऊस, अंधार आणि धूर. कॉम्प्युटर गेम्सनी नेमकं तेवढंच उचललं. लाकडी टेबलं, शेकोटी आणि काउंटरमागे पेला पुसत अफवा सांगणारा एक ठोकळा. त्याला खर्च नाही, भीती नाही, नोकरांची काळजी नाही. अशा जागेत माझा जीव रमत नाही. नोकरचाकर इकडून तिकडे पळतायत आणि मालकाला एक वाक्य धड पुरं करायला फुरसत नाही, असं दिसलं की मगच मला ती खाणावळ खरी वाटते. त्याचा विसरभोळेपणा हा या धंद्यातूनच आलेला आहे.

"पण कथेला त्याचा उपयोग काय?" असा प्रश्न येणारच. उपयोग हाच, की ज्यांच्यासाठी एवढी लढाई चाललीय ती माणसं कशी असतात ते इथे दिसतं. शूर नाहीत, हुशार तर नाहीतच, पण घाबरूनही नीट वागणारी. हॉबिट परत येतात तेव्हा गावात मारामारीत माणसं मेलेली असतात, गिऱ्हाईक आटलेलं असतं. पोनी मात्र उघडी असते.

आणि निकाल खुद्द गँडाल्फनेच दिलाय. पत्राच्या रागाने तो बार्लिमनला भाजून काढायला आला होता. जाताना मात्र सात वर्षं तुझी बिअर उत्तम होवो असा वर देऊन गेला. भाचेकंपनीला गँडाल्फपेक्षा जास्त कळत असेल तर तसं कळवावे.