काठावरच अडवलेली

येत्या २६ ऑगस्टला एका न्यायालयीन आदेशाला दहा वर्षे पूर्ण होतील. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील विलनव-लूबे या गावाने बुर्किनी हा अंगभर पोहण्याचा पोशाख घालून समुद्रकिनाऱ्यावर येण्यास मनाई केली होती. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, म्हणजे कॉन्सेय देताने, ती २०१६ साली स्थगित केली. किनाऱ्यावरील शांततेला खरोखरच धोका असल्याशिवाय असे निर्बंध घालता येत नाहीत, आणि ही मनाई म्हणजे मूलभूत स्वातंत्र्यांवरचा गंभीर व उघड बेकायदा घाला आहे, असे न्यायालयाने सांगितले. इतके स्पष्ट सांगूनही वाद मिटला नाही. २०२३च्या जुलैमध्ये मांदलिय-ला-नापूल या गावाची तशीच मनाई त्याच न्यायालयाला पुन्हा स्थगित करावी लागली.

२०१६चा तो उन्हाळा फ्रान्ससाठी फार वाईट होता, हे आधी मान्य केले पाहिजे. १४ जुलै या राष्ट्रीय दिनी रात्री आतषबाजी पाहायला जमलेल्या गर्दीत नीस शहरात एकाने ट्रक घातला. ८६ माणसे गेली. त्यांत मुस्लिम कुटुंबांतली माणसेही होती. बाराच दिवसांनी नॉर्मंडीतल्या एका चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना वृद्ध धर्मगुरू झाक आमेल यांची हत्या झाली. माणसे हादरली होती. पण त्या भीतीचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला गेला? २८ जुलैला कान शहराच्या महापौरांनी आदेश काढला, आणि पाहता पाहता सुमारे तीस नगरपालिका त्या वाटेने गेल्या. ट्रक चालवणाऱ्याशी ज्यांचा दुरूनही संबंध नव्हता, त्या बायकांना किनाऱ्यावरून उठवायला सुरुवात झाली.

कानमधली एक घटना आमच्या मनातून जात नाही. मुलांना घेऊन समुद्रावर आलेल्या एका आईला पोलिसांनी दंड केला. तिच्या अंगात बुर्किनी नव्हतीच. लेगिंग, वर सैलसर सदरा आणि डोक्याला रुमाल, एवढेच. सभ्यतेला आणि धर्मनिरपेक्षतेला साजेसा पोशाख नाही, असे कारण पावतीवर होते. आदेश एका कपड्याविरुद्ध म्हणून गाजला आणि थोड्याच दिवसांत डोक्यावरच्या रुमालापर्यंत पोहोचला. नीसच्या किनाऱ्यावरचे छायाचित्र तर जगभर गेले. गोट्यांवर बसलेली एक बाई, भोवती शस्त्रधारी पोलीस, आणि त्यांच्या देखत अंगातला वरचा सदरा काढणारे तिचे हात. स्त्रीच्या सन्मानासाठी म्हणून काढलेल्या आदेशाची अंमलबजावणी अशी दिसली.

हा कपडा आला कोठून, हेही वादाच्या गदारोळात मागे पडले. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या अहेदा झनेटी यांनी २००४च्या सुमारास सिडनीत तो बेतला. त्यांची भाची नेटबॉल खेळायची, हिजाब आणि अंगभर कपड्यांवर गणवेश चढवून, घामाघूम होऊन. ते पाहून झनेटींनी आधी खेळासाठी आणि मग पाण्यासाठी हलका, पाणी न धरणारा पोशाख तयार केला. बुरखा आणि बिकिनी जोडून त्याला नाव दिले. त्या नावानेच पुढे घात केला असे आम्हांला वाटते, कारण बुरख्याशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. चेहरा उघडा, हातपाय मोकळे. पाणबुडे घालतात तो वेटसूट याहून कमी अंग झाकत नाही. २००५च्या डिसेंबरात सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर वांशिक दंगल झाली. त्यानंतर तिथल्या जीवरक्षक संघटनेने मुस्लिम तरुणतरुणींना मुद्दाम प्रशिक्षणासाठी बोलावले. झनेटींनी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगांत बुर्किनी शिवली आणि ती घालून एक मुस्लिम तरुणी जीवरक्षक झाली. हिंसेच्या जखमेवर एका देशाने किनारा खुला करून उपाय केला, तर दुसऱ्याने तो बंद करून.

मराठी वाचकाला यातली खरी गोष्ट कोणी समजावून सांगायला नको. आषाढीला चंद्रभागेत लुगड्यासकट बुडी मारणारी आजी आपण पाहिली आहे. गणपतीपुळ्याला किंवा जुहूला पंजाबी ड्रेसमध्ये, साडीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लाटा अंगावर घेणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. शेजारी लंगोटावर आंघोळ करणारा पुरुष असतो. दोघांचे एकमेकांमुळे काही अडत नाही. मात्र त्या लुगड्याची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक आहे. नऊवार भिजले की जड होते, पायांत येते. नदीकाठच्या गावांत पोरगे सुसरीसारखे पोहायचे आणि त्याची बहीण धुण्याचा दगड सोडून पुढे जायची नाही. पाण्याशी रोजचा संबंध बाईचा, आणि पोहायला न येणारीही तीच. अंग झाकावेसे वाटणे आणि हातपाय मारता येणे, यांतले काहीतरी एकच निवडायचे असे पिढ्यान् पिढ्या चालत आले. ती निवड करायची गरज उरू नये म्हणून कोणी कापड शोधले असेल, तर त्याला गुलामीचे चिन्ह म्हणताना आमची जीभ अडखळते.

फ्रान्सची धर्मनिरपेक्षता आम्हांला परकी किंवा तुच्छ वाटत नाही. चर्चच्या सत्तेशी दीर्घ झुंज देऊन त्या देशाने १९०५ साली धर्म आणि शासन यांची फारकत केली. पण त्या कायद्याच्या चर्चेतलाच एक प्रसंग आज आठवावा असा आहे. शार्ल शाबेर या सदस्याने पाद्र्यांच्या झग्यावर रस्त्यात बंदी घालावी अशी सूचना मांडली होती. कायद्याचे प्रमुख शिल्पकार अरिस्तीद ब्रियां यांनी ती मानली नाही. ज्या कायद्याने स्वातंत्र्याची राजवट आणायची, त्याच्याच जोरावर माणसांचे कपडे बदलायला लावणे असहिष्णुतेचे ठरेल, आणि शिंपी लगेच दुसरा झगा बेतून देतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सूचना फेटाळली गेली. शासनाने निधर्मी असावे, नागरिकाने तसे दिसलेच पाहिजे असे नाही, हा भेद ब्रियांनी जाणला होता. २०१६ साली पंतप्रधान मान्युएल वाल्स यांनी महापौरांची बाजू घेतली तेव्हा तो भेद नजरेतून सुटला.

उलट बाजूचा युक्तिवाद हलका नाही. घरच्या पुरुषांच्या, मोहल्ल्याच्या धाकाने झाकून घेणाऱ्या मुली असतात, सगळ्याच राजीखुशीने झाकतात असे नाही. इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनी ही तरुणी हिजाबच्या सक्तीपायी पोलिसांच्या ताब्यात गेली आणि जिवंत परतली नाही. ‘तुम्ही ज्याला निवड म्हणता तो आमचा तुरुंग आहे,’ असे एखादी इराणी बाई म्हणाली तर ते मान खाली घालून ऐकले पाहिजे. मग सक्ती करणाऱ्याला पकडा. फ्रान्सच्याच २०१०च्या कायद्यात, दुसऱ्याला चेहरा झाकायला भाग पाडणाऱ्यास एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंडाची तरतूद आहे. तो चेहऱ्याचा कायदा झाला, पण सक्तीचा गुन्हेगार कोण हे त्याला कळत होते. कानच्या आदेशात दंड ३८ युरोंचा, आणि तो बाईलाच. तिला धाकात ठेवणारा कोणी असेलच, तर त्याची इच्छा नगरपालिकेने फुकटात पुरी केली: ती समुद्रावरून घरी परतली.

धर्मांतल्या जाचाशी लढायचे कसे, याचा धडा महाराष्ट्रात आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६च्या एप्रिलमध्ये तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. मोर्चात बायका होत्या सात. त्या स्वतःच्या पायांनी चालत गेल्या आणि सरकारकडे हक्क मागितला. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले. दलवाईंनी मूलतत्त्ववाद्यांना कधी सवलत दिली नाही. पण त्यांची लढाई बाईला बोलते करण्याची होती, आणि तिला उंबऱ्याबाहेर येण्याची किंमत मोजायला लावून ती लढता आली नसती.

फ्रान्समधल्याच ग्रनोब्ल शहराचे प्रकरण थोडे वेगळे आहे, आणि त्यात आम्हांला दोन्हीकडे तथ्य दिसते. २०२२च्या मे महिन्यात तिथल्या नगर परिषदेने पालिकेच्या तलावांत बुर्किनीला वाट करून दिली. जूनमध्ये कॉन्सेय देताने ती अडवली. तलावात सर्वांनी अंगाबरोबर बसणारेच कपडे घालावेत हा आरोग्याचा नियम असताना एका गटासाठी तो सैल करणे समानतेत बसत नाही, असे कारण दिले. तलावाचे पाणी सर्वांचे असते, नियम सर्वांना एक हवा, हे पटते. तो नियम कापडाविषयी असावा, इतकेच आमचे म्हणणे. अंगाबरोबरचा, तलावासाठीच शिवलेला पोशाख गुडघ्यापर्यंत आहे की घोट्यापर्यंत, याने पाणी गढूळ होत नाही.

हे सारे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीला मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने २०२४च्या जूनमध्ये हस्तक्षेप नाकारला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. आम्हांला त्या वेळी १८८५ सालचे एक छायाचित्र आठवले होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले. साडीतल्या आनंदीबाई जोशी, शेजारी किमोनोतली जपानी विद्यार्थिनी आणि सिरियाच्या पेहरावातली तिसरी. त्या महाविद्यालयाने तिघींना डॉक्टर केले.

आपल्या महापालिकांच्या जलतरण तलावांवर नियमांच्या पाट्या असतात. त्यांत ‘योग्य पोशाख’ असे मोघम लिहिलेले असेल तर ते काढून टाकावे, कारण ‘योग्य’ म्हणजे काय हे मग दारावरचा माणूस ठरवतो. कापड नायलॉनचे किंवा लायक्राचे असावे, अंगाबरोबर बसणारे असावे, डोक्याला टोपी असावी, आधी शॉवर घ्यावा, असे साफ लिहावे. लांबीचा उल्लेख करू नये. लेडीज बॅच नोकरी करणाऱ्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना जमेल अशा वेळीही ठेवावी, आणि तिथे शिकवायला बाई नेमावी. पुढच्या उन्हाळी सुट्टीची नोंदणी सुरू होण्याआधी एवढे करायला पुरेसा वेळ आहे.