उन्हाळी पत्रकात आधी बातमी हवी

एप्रिल उजाडला की लहान प्रकाशकांची उन्हाळी पत्रके येऊ लागतात. थोडी टपालाने, बरीचशी व्हॉट्सअॅपवर. यंदाही आली. बहुतेकांचा साचा एकच आहे. वर ‘सुट्टी विशेष ५० टक्के सवलत’, खाली मुखपृष्ठांची दाटी, कोपऱ्यात क्यूआर कोड. पुस्तक कशाविषयी आहे, कोणत्या वयाच्या मुलाला द्यावे, नवे काय निघाले, जुने काय संपले होते आणि आता परत छापले, यातले काहीच त्यांत नाही. वर्षभर जीव ओतून पुस्तके काढणारी ही माणसे आहेत. त्यांनी वाचकाला सांगण्यासारखे आपल्याजवळ सवलतीखेरीज काही नाही असे वागावे, याचे वाईट वाटते.

मराठी प्रकाशनाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. नवी पुस्तके ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, डिसेंबर ते फेब्रुवारी प्रदर्शने आणि संमेलनाचे मंडप, मार्चमध्ये ग्रंथालयांची खरेदी. मग एप्रिल ते जून हातात पैसा नसतो. ग्रंथालयांची बिले अडकलेली असतात, बांधणीवाल्यांकडे वह्यांचे काम आलेले असते, आणि मे संपता संपता पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली दुकाने शालेय पुस्तकांनी भरून जातात. कथा-कादंबऱ्यांना फळीवर जागा राहत नाही. अशा वेळी गाळ्यात पडलेला माल निम्म्या किमतीत काढावा आणि पावसाची ओल लागण्याआधी गठ्ठे कमी करावेत, असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण हिशोब मांडून पाहा.

समजा, पुस्तकाची छापील किंमत २०० रुपये आहे. निर्मितीला प्रतीमागे ६० रुपये लागले, लेखकाचे मानधन छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे २०, वेष्टन आणि टपाल मिळून २५. वाचकाला थेट २५ टक्के सवलत दिली तर हातात ४५ रुपये उरतात. ५० टक्के दिली तर प्रत्येक प्रतीमागे ५ रुपये खिशातून जातात. वितरकाला ४५ टक्क्यांनी माल दिला असता तर टपालाचा खर्च वाचून ३० रुपये तरी राहिले असते. म्हणजे निम्म्या किमतीच्या योजनेत जितकी पुस्तके जास्त खपतील तितका तोटा जास्त. त्यात पुनर्मुद्रणाचा खर्च पहिल्या आवृत्तीइतका राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे. पुस्तकावर कर नाही, म्हणून कागदावर भरलेला कर आपल्याला वळतीही करून घेता येत नाही. आज निम्म्यात विकलेली प्रत उद्या पुन्हा छापायला गेलात की हा फरक कळतो.

तोटा प्रकाशकापुरता थांबत नाही. नांदेड, कोल्हापूर, चाळीसगाव अशा गावांतला विक्रेता तुमचे पुस्तक ३०-३५ टक्के कमिशनवर घेतो. त्यातूनच भाडे, वीज, माणसाचा पगार. तुम्ही त्याच्याच ग्राहकाला घरबसल्या ५० टक्के सवलत देऊ केलीत, तर तो पुढच्या वेळी तुमचा माल का ठेवील? त्याच्या दुकानात पुस्तक चाळून तुमच्याकडून मागवणारा वाचक आपणच तयार केला. फ्रान्सने हा धोका १९८१ मध्येच ओळखला. जाक लांग संस्कृतिमंत्री असताना तिथे कायदा झाला. पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि विक्रेत्याने त्यावर ५ टक्क्यांहून जास्त सूट द्यायची नाही. लहान दुकाने टिकावीत हा त्यामागचा उघड हेतू होता. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून हा संयम आपल्यालाच एकमेकांच्या विश्वासावर पाळावा लागेल. वर्षभर २० ते २५ टक्के, आणि संच घेतल्यास थोडी अधिक, यापलीकडे लहान प्रकाशकाने जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हलक्या डागी प्रती किंवा जुन्या किमतीचा उरलेला माल निम्म्याने काढायचा असेल तर तसे लिहून, त्याच प्रतींपुरते काढा.

मग पत्रकात काय असावे? बातमी असावी. लहान प्रकाशकाजवळ बातमीचा तुटवडा नसतो. एखादे हस्तलिखित संपादकाच्या टेबलावर दोन वर्षे का राहिले, एखाद्या अनुवादाचे हक्क कसे मिळाले, चित्रकाराने मुलांच्या पुस्तकासाठी चित्रांची तऱ्हा का बदलली, दिवाळीला कोणते पुस्तक येत आहे, हे वाचकाला जाणून घ्यायचे असते. मोठ्या प्रकाशनगृहाला हे इतक्या जवळून सांगता येत नाही. दहा-बारा पुस्तके काढणाऱ्याला येते, कारण प्रत्येक पुस्तक त्याच्या हातून गेलेले असते. प्रत्येक पुस्तकाबद्दल चार ओळी, पाने, किंमत, वाचकाचे वय. आणि शेवटी एक माणूस, ज्याला फोन केला तर पुस्तकाबद्दल बोलता येईल.

ग्रंथालीचा दाखला इथे आठवावा. १९७४ मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाचक चळवळ म्हणून सुरू केली, तेव्हा तिचा पाया सभासद वाचक हा होता. पुस्तक दुकानात जाऊन वाट पाहणार नाही, सभासदापर्यंत आणि ग्रंथयात्रेतून गावागावांत जाईल, ही तिची रीत. दया पवारांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८ मध्ये काढले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये. असे लेखन त्या वेळच्या सरावलेल्या बाजाराला नवे होते. ते पोचवायला सवलतीपेक्षा नाते अधिक कामी आले, असे आम्हाला वाटते. आज तुमच्याजवळ हजार मोबाइल क्रमांक असतील. त्यांतल्या किती जणांनी कोणते पुस्तक घेतले, हे वहीत आहे का? विज्ञानावरचे पुस्तक घेतलेल्याला विज्ञानाचीच बातमी आधी द्या. तुमची खरी मालमत्ता ती वही आहे.

टपालाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण थेट विक्रीचा जीव तिथे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्ट एकाएकी बंद केले आणि देशभरच्या लहान प्रकाशकांचे कंबरडे मोडले. त्यावर बराच गदारोळ झाला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकिटाचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि व्यापारी जाहिराती असलेला मजकूर चालत नाही. नियतकालिकेही यात बसत नाहीत.

आता पुस्तकाचे वजन हा आकाराइतकाच महत्त्वाचा निर्णय झाला आहे. डेमी आकाराचे, ७० जीएसएम कागदावरचे १६० पानांचे पुस्तक मऊ बांधणीत सुमारे १९० ग्रॅम भरते. वेष्टनासह ३०० च्या आत आरामात बसते. २४० पानांचे तेच पुस्तक २७० ग्रॅमच्या आसपास जाते आणि जाड पुठ्ठा लावला की मर्यादा ओलांडते. निर्मितीच्या वेळीच कागद आणि पानांची जुळणी पाहिली, तर टपालाचे पैसे वाचतात. मुलांच्या पाच-सहा पातळ पुस्तकांचा संच एका पाकिटात पाठवणे सर्वांत परवडते. हे टपाल जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, त्याला वेळ लागतो. म्हणून सुट्टीत वाचायचे पुस्तक मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघाले पाहिजे. विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तिथल्या वाचकांसाठी पत्रकाची मुदत तेवढी वाढवा.

दिवाळीच्या पुस्तकाची प्रकाशनपूर्व नोंदणी उन्हाळ्यातच सुरू करावी, हेही सुचवतो. कागद घेण्याआधी थोडे भांडवल हाती येते आणि आवृत्ती पाचशेची काढायची की हजाराची, याचा अंदाज येतो. मात्र तारीख जाहीर केली तर पाळावी. पैसे भरून वर्ष-वर्ष वाट पाहिलेले वाचक आपल्या व्यवसायात कमी नाहीत, आणि असा एक अनुभव आला की तो वाचक पुढे कोणत्याच प्रकाशकाकडे आगाऊ पैसे भरत नाही. पुस्तक लांबले तर कळवा, मागितल्यास रक्कम परत करा.

सुट्टीत वाचनाची गोडी लागलेले मूल पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपला वाचक असते. भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव उघडले, तेव्हापासून पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली कुटुंबे तिथे वाट वाकडी करून जातात आणि मुले घराघरांत बसून पुस्तके चाळतात. उन्हाळ्यात मराठी मूल वाचत नाही, ही तक्रार तिथे टिकत नाही. पुस्तक त्याच्या समोर यावे लागते. ज्यांच्या यादीत मुलांची चार पुस्तकेही आहेत, त्यांनी या पत्रकात ती सर्वांत वर घ्यावीत. ज्यांच्या यादीत एकही नाही, त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या प्रकाशकाचा मुलांचा संच आपल्या पत्रकात घ्यावा आणि कमिशन आपसांत ठरवावे.

जूनच्या अंकात आम्ही लहान प्रकाशकांच्या नव्या आणि पुनर्मुद्रित पुस्तकांची यादी विनामूल्य छापणार आहोत. पुस्तकाचे नाव, लेखक, पाने, वजन, किंमत, ते कोणत्या विक्रेत्याकडे मिळेल आणि पुस्तकाविषयी चार ओळी, एवढे २० मेपर्यंत आमच्याकडे पाठवा. सवलतीचा रकाना त्या यादीत नसेल.