सेवेला लेखाशीर्ष हवे

वर्गाबाहेर : साप्ताहिक स्तंभ

एका महाविद्यालयाच्या सभागृहात शिक्षक संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. विषयपत्रिकेवर नऊ विषय. चौथा विषय येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा. कोषाध्यक्ष उभे राहिले, जमेची बेरीज वाचली, खर्चाची वाचली आणि ‘काही शंका असल्यास...’ म्हणेपर्यंत मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला. सूचक, अनुमोदक, टाळ्या. चार मिनिटांत विषय संपला. सातवा विषय होता सामाजिक कार्य करणाऱ्या सभासदांच्या सत्काराचा. त्याला सव्वा तास लागला. शाल, श्रीफळ, हार, सन्मानचिन्ह, फोटो. नावे पुकारली जात होती, माणसे व्यासपीठावर चढत होती, उतरत होती. कोणी कोणत्या गावात काय केले, हे सांगायला मात्र निवेदकापाशी वेळ नव्हता.

जेवणाच्या वेळी एक मॅडम कोषाध्यक्षांच्या टेबलापाशी आल्या. त्यांच्या एका हातात नुकतीच मिळालेली शाल होती, दुसऱ्या हातात किराणा दुकानाचे चार घड्या घातलेले बिल. त्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी. जानेवारीत सात दिवसांचे शिबिर झाले होते. अनुदान यायचे होते, दुकानदार थांबायला तयार नव्हता, म्हणून त्यांनी पदरचे भरले होते. ‘सर, संघटनेतून यातलं थोडं काही होईल का?’ कोषाध्यक्ष सज्जन गृहस्थ. त्यांनी बिल उलगडून नीट वाचले. तूरडाळ, तेल, पोहे, ज्वारीचे दोन कट्टे. मग खरोखरीच्या अडचणीने म्हणाले, ‘मॅडम, द्यायला हरकत नाही हो, पण कोणत्या हेडला टाकू?’

तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. शालीला लेखाशीर्ष आहे आणि ज्या कामासाठी शाल दिली त्या कामाला नाही, अशी आपल्या बहुतेक संघटनांची वही आहे. हे बदलले पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

संघटनेचे अंदाजपत्रक फार मोठे नसते. जमेच्या बाजूला वार्षिक वर्गणी, नव्या सभासदांचे प्रवेशशुल्क, ठेवींचे व्याज, अधिवेशनाच्या निमित्ताने आलेल्या देणग्या आणि मागील शिल्लक. खर्चाच्या बाजूला प्रवास, बैठका, छपाई, राज्य महासंघाची वर्गणी, लेखापरीक्षकाचे शुल्क, कोर्टकचेरी, अधिवेशन, ‘सत्कार व समारंभ’ आणि शेवटी ‘किरकोळ’. समजा हजार सभासद आहेत आणि वर्गणी ५०० रुपये आहे, तर वर्षाचे पाच लाख. त्यात आमच्याकडे चार जिल्हे सांभाळायचे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले; नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेत. या प्राध्यापकांची संघटना म्हणजे स्वामुक्टा. आज हे लिहितो आहे ते तिच्या किंवा कोणत्या एका संघटनेच्या वहीबद्दल नाही. प्राथमिक शिक्षकांच्या, माध्यमिकच्या, मुख्याध्यापकांच्या, सगळ्यांच्या वह्या थोड्याफार फरकाने अशाच असतात. दूरच्या किनवटचा किंवा निलंग्याचा सभासद बैठकीला येऊन परत जायचा तर त्याचा दिवस मोडतो. त्याला प्रवासखर्च द्यावाच लागतो, त्यात कोणी खोट काढू नये.

कोर्टखर्चालाही कोणी हात लावू नये. २०१३ साली एमफुक्टो या प्राध्यापकांच्या राज्य महासंघाच्या हाकेवर राज्यभरच्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले आणि ती लढाई पुढे उच्च न्यायालयात गेली. अशा वेळी वकिलाची फी, कागदपत्रे, मुंबईच्या खेपा हे सगळे सभासदांच्या वर्गणीतून उभे राहते. संघटना प्रथम सभासदाच्या हक्कासाठी असते आणि ते तिचे पहिले काम आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण अंदाजपत्रक म्हणजे आपण वर्षभर कशाला महत्त्व देणार याची लेखी कबुली असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये ठरावीक मर्यादेहून जास्त उत्पन्नाच्या न्यासांना हिशेबाचे वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयाला द्यायला सांगितले आहे. त्यामागचा विचार सरळ आहे : पैसा खर्च होण्याआधी त्याचा हेतू कागदावर यावा. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सभेत मंजूर झालेल्या अंदाजपत्रकातून हा हेतू साधत नाही, कारण तोवर निम्मा खर्च होऊन गेलेला असतो.

आता त्या मॅडमच्या बिलाचे गणित पाहा. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर करायचे. शिबिरासाठी विद्यार्थ्यामागे ४५० रुपये हा दर कित्येक वर्षे चालला. म्हणजे दिवसाला साधारण ६४ रुपये. त्यात चहा, नाष्टा, दोन वेळचे जेवण, गावापर्यंतचा टेम्पो, टिकाव-फावडी, औषधांची पेटी आणि रात्रीच्या प्रबोधनाला माइक. नंतर दर वाढला, पण त्याच्या आधीच महागाई वाढलेली होती. पन्नास मुलांचे शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत. मुलींच्या खोलीला कडी आहे का, शौचालयात पाणी आहे का, थंडीत सतरंज्या पुरतील का, ताप आलेल्या मुलाला मुखेडला न्यायला गाडी कोणाची, हे सगळे एकट्या प्राध्यापकाच्या डोक्यावर. नांदेड जिल्ह्याने सांडपाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्यांचा ‘नांदेड पॅटर्न’ राज्याला दिला, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचे नाव त्यामुळे सर्वदूर गेले. शिबिरात असा खड्डा खणायचा तर कुदळ लागते, त्यात भरायला दगड-विटांचे तुकडे लागतात, ते आणायला ट्रॅक्टर लागतो. आणि ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे पैसे रोख लागतात.

इथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. शिक्षकाकडून करून घेतलेले काम वेगळे आणि शिक्षकाने आपणहून केलेले काम वेगळे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामाला जुंपू नये असे म्हटले आहे. तरीही कधी या पाहणीचे, कधी त्या मोहिमेचे फॉर्म भरण्यात प्राथमिक शिक्षकाचे दिवस जातात. मी पाहिले आहे की काही सत्कारांच्या यादीत हेच काम ‘समाजसेवा’ म्हणून येते. हे फार चुकीचे आहे. ज्या ओझ्याविरुद्ध संघटनेने निवेदने द्यायची, तेच ओझे वाहिल्याबद्दल तिने शाल द्यायची, यात संघटना स्वतःचीच मागणी दुबळी करते. सेवा तीच, जी न केली तर नोटीस येत नाही.

तशी सेवा करणारे आपल्याकडे कमी नाहीत. सुट्टीत ऊसतोड कामगारांच्या मुलांचा वर्ग घेणारे आहेत. गावोगाव रक्तगटांची यादी करून ती खिशात बाळगणारे आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या घागरी रांगेत लावून देणारे होते. आणि यांतले कितीतरी जण तासिका तत्त्वावरचे आहेत. त्यांना ना पूर्ण पगार, ना पेन्शन, अनेकदा संघटनेचे सभासदत्वही नाही. शिबिरात रात्री मुलांबरोबर जमिनीवर झोपणारा तासिकेवरचा तरुण प्राध्यापक सत्काराच्या यादीत मला फार क्वचित दिसला. यादी सभासदांच्या रजिस्टरातून काढली जाते, आणि बरेचदा तालुक्याला एक, गटाला एक अशी वाटून घेतली जाते. ज्यांना मिळते त्यांचा यात दोष नाही. पण ज्यांनी काम केले त्यांना घरी बसून ती यादी वाचावी लागते, याचे मला वाईट वाटते.

‘संघटना म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे’ असे मला पुष्कळ कार्यकर्त्यांनी सांगितले आहे. त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण कामगारांच्या संघटनांसाठी केलेला १९२६ चा ट्रेड युनियन कायदासुद्धा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो हे सांगताना सभासदांच्या सामाजिक व शैक्षणिक हिताचा उल्लेख करत होता. एकूण कामगारवर्गाच्या हिताच्या कार्याला मदत करायलाही तो परवानगी देत होता, मात्र उत्पन्न आणि आरंभीची शिल्लक मिळून होणाऱ्या रकमेच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे हक्काची लढाई आणि दुसऱ्याला हात देणे या दोन्ही गोष्टी एका वहीत बसतात, मर्यादा घालून बसतात, हे शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना कळत होते.

आपल्याला तर कायद्यापर्यंत जायचीही गरज नाही. ज्यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे ते स्वामी रामानंद तीर्थ आयटक या कामगार महासंघाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ना. म. जोशींजवळ कामगार चळवळीत राबले आणि मग निजामाच्या राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले. त्यांच्या आयुष्यात कामगार संघटना, शाळा आणि निजामाविरुद्धचा मुक्तीचा लढा या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. विचारवंत नरहर कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये शाळामास्तर होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. पण नांदेडच्या बाहेरच्या गावांना ते माहीत होते ते व्याख्यानांमुळे. मिळेल त्या वाहनाने जायचे, बोलायचे, सकाळी परत वर्गावर. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. अशा माणसांच्या गावात शिक्षकाची सेवा फोटोपुरती उरावी हे बरोबर नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. ‘सत्कार व समारंभ’ या शीर्षातून हार, फेटे आणि सन्मानचिन्हे काढावीत. एक शाल राहू द्या, आपल्याकडे शालीला मान आहे. उरलेल्या रकमेतून ‘सभासद सेवाकार्य साहाय्य’ असे वेगळे लेखाशीर्ष उघडावे. वर सांगितलेल्या पाच लाखांच्या वहीत त्यासाठी पन्नास हजार काढले तरी दरवर्षी दहा जणांना पाच-पाच हजार देता येतील. काही परतफेडीच्या बोलीवर देता येतील, कारण शिबिराच्या माणसाला पुष्कळदा मदत नको असते, अनुदान येईपर्यंत उसने हवे असते. तासिकेवरच्यांना त्यात बरोबरीचा हक्क असावा, सभासद असोत वा नसोत. निवड करताना सरपंचाच्या पत्रावर विसंबू नये, पत्र कोणालाही मिळते. कार्यकारिणीतला एक जण त्या गावात जाऊन, चार बायामाणसांशी बोलून यावा. त्याला प्रवासखर्च द्या, तो खर्च सत्कारणी लागेल. आणि वार्षिक अहवालात प्रत्येकाच्या कामाला अर्धे पान द्यावे : गाव, दिवस, काय केले, किती खर्च आला, काय अर्धवट राहिले.

याचा संघटनेला फायदाही आहे, आणि तो मोकळेपणाने सांगायला हवा. १४ मार्च २०२३ पासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा पारावर दोन्ही प्रकारची बोलणी ऐकू येत होती. ‘गुरुजींना काय कमी आहे’ म्हणणारे होते आणि ‘आमच्या सरांसाठी आम्ही येतो’ म्हणणारेही होते. दुसऱ्या प्रकारची माणसे पत्रक वाटून तयार होत नाहीत. ज्या गावात शिक्षकाने घाम गाळला त्या गावात ती आधीपासून असतात.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी औसा तालुक्यात राहतात. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ते नोकरीत होते. सकाळी ते चालत किल्लारीच्या बाजूला गेले. त्यांच्याकडे ना ताकद ना अवजार. पण ते त्या भागातल्या शाळेत शिकवून गेलेले होते, त्यामुळे पोरांची नावे, आईबापांची नावे, आजोळची गावे त्यांना तोंडपाठ होती. वाचलेली मुले एका मांडवात बसवली होती. गुरुजींनी शाळेची वही काढली आणि एकेका मुलाशेजारी बसून लिहायला सुरुवात केली : नाव, बापाचे नाव, मामाचे गाव. त्या वहीवरून नातेवाईक शोधले गेले. ते तीन दिवस तिथेच होते. हे काम सरकारी यादीत नव्हते, संघटनेच्या अहवालात नव्हते आणि गुरुजींचा सत्कारही कधी झाला नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांना विचारले, ‘गुरुजी, तेव्हा संघटनेनं तुमच्यासाठी काय करायला हवं होतं?’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दोन दस्ते कागद पाठवायला पाहिजे होते. दुसऱ्या दिवशी दुपारीच वहीची पानं संपली. मग मी पोरांची नावं माझ्या धोतरावर लिहिली.’