पीएचडीचे दिवे आणि त्यातलं तेल

'पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत?' हा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विचारला होता. विषय होता 'सारथी'च्या फेलोशिपचा. ती फक्त २०० जणांना का, असं सतेज पाटलांचं म्हणणं होतं. मग गदारोळ झाला, खुलासा झाला, नेहमीप्रमाणे सगळं शांतही झालं. पण खरं सांगू का, हा प्रश्न आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दर आठवड्याला विचारला जातो. फक्त जरा इंग्रजाळलेल्या, सभ्य शब्दांत. कोणाची तरी बहीण इतिहासात किंवा मराठीत एमए करतेय म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "अच्छा... मग पुढे काय?"

गंमत बघा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली होती, कुणबी नोंदी शोधायला. जुनी महसुली कागदपत्रं बाहेर निघाली आणि लक्षात आलं की यातली बरीचशी मोडीत आहेत. मग जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे शोधायची धावपळ सुरू झाली. लाखो लोकांच्या दाखल्यांचा प्रश्न, आणि कागद समोर असून वाचायला माणूस नाही! म्हणजे जे दिवे लावायची चौकशी डिसेंबरात झाली, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकार स्वतःच शोधत फिरत होतं.

आपल्या धंद्यातलंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली. तिचा सविस्तर प्रस्ताव लिहिला अंशुमन पांडे यांनी, आणि तेव्हा ते मिशिगन विद्यापीठाच्या इतिहास विभागात होते. इतिहास विभागात, काँप्युटर सायन्सच्या नव्हे. कुठलं अक्षर कशाला जोडून लिहितात, 'र' कुठे कसा बदलतो, हे ठरवायला जुने कागद डोळ्याखालून घालावे लागतात. ते काम आपल्यातल्या कोणी स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारून केलं नसतं :)

असो. आता लगेच 'मानव्यविद्या झिंदाबाद' म्हणून लेख संपवणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. माझी एक मैत्रीण पेशवेकालीन कागदांवर पीएचडी करतेय आणि सोबत एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. घेतला तास की पैसे, सुट्टीत शून्य. बिलं काढायला महिनोन् महिने जातात. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० पासून सुरू होतं; भत्ते वेगळे. दोघं एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर, एकच पेपर शिकवतात. आपल्याकडे कंत्राटी आणि पेरोलवरच्या माणसात फरक असतो, पण इतका?

फेलोशिप असेल तर गोष्ट वेगळी. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून ३१,००० ची ३७,००० झाली, दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००. पुण्यात खोली घेऊन नीट जगता येतं. पण ती मिळते मोजक्यांना. आणि ज्यांना नाही मिळत ते बहुतेक घरच्या पैशावर शिकतात. इथे माझा मुद्दा आहे. 'आवड असेल तर कर' हा सल्ला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला परवडतो. मुखेडहून आलेल्या, आई-वडील शेतमजुरी करणाऱ्या मुलीला तो सल्ला देणं ही चैन आहे, आणि तिचा खर्च तिने करायचा. म्हणून २०० की ८००, हा आकडा किरकोळ नाही. महाराष्ट्राचा इतिहास कोणाच्या घरातली मुलं लिहिणार, ते त्या आकड्यावर ठरतं.

शिवाय नियम. २०१८ च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे विद्यापीठ विभागात नेमणुकीला पीएचडी सक्तीची होणार होती. तारीख पुढे ढकलली गेली, आणि जुलै २०२३ पासून ठरलं की नेट-सेट पुरे. मधल्या काळात किती जणांनी केवळ त्या अटीपायी नाव नोंदवलं असेल? अर्धं प्रोजेक्ट झाल्यावर क्लायंटने रिक्वायरमेंट बदलली की आपण चेंज रिक्वेस्ट लावतो, पैसे घेतो. यांनी कोणाला लावायची? त्यात गाईड व्हायला कायम नोकरी लागते आणि सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात. कायम जागा भरल्या नाहीत की गाईड कमी, गाईड कमी की रांग लांब.

मग आयटीवाले उपाय सांगतात: यूएक्स रिसर्च करा, एआयसाठी मराठी डेटा तपासा. करावं की, पैसे चांगले आहेत, मी स्वतः दोघांचे रेझ्युमे पुढे पाठवलेत. पण 'सॉफ्टवेअरला उपयोगी पडतात म्हणून त्यांना जगू द्या' हा युक्तिवाद मला पटत नाही. डेक्कन कॉलेजातलं संस्कृत कोशाचं काम १९४८ ला सुरू झालं, पहिला खंड १९७६ ला निघाला, आणि पहिल्या पंचाहत्तर वर्षांत ते 'अ'च्या पुढे गेलं नव्हतं. कुठल्या स्प्रिंटमध्ये बसवणार ते? काही कामं तशीच असतात, आणि त्यांचा पगार समाजाने द्यायचा असतो.

मला जास्त राग येतो तो विद्यापीठातल्या मंडळींचा. प्राध्यापक झाला नाही म्हणजे पोरगं वाया गेलं, हे तिथेच शिकवलं जातं. पुरालेखागार, संग्रहालय, कोश, भाषांतर, प्रकाशन... या नोकऱ्यांची नावंसुद्धा विभागात कोणी काढत नाही. नाव नोंदवण्याआधी गाईडला सरळ विचारा, तुमचे मागचे पाच विद्यार्थी आज काय करतात? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

आणि सरकारला मोडी वाचणारे पुन्हा लागणारच आहेत. जमिनीचे दावे संपलेले नाहीत, दप्तरं तशीच पडली आहेत. मग दर वेळी घाईघाईने कंत्राटी माणसं गोळा करण्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात एक कायम मोडी वाचक का नको? महाराष्ट्रात जिल्हे ३६. म्हणजे जागा फक्त ३६.